इत्यादींचे सचिव

उज्जैनच्या हिंदी दैनिकांत कोणत्याही कार्यक्रमाची बातमी एकाच वळणाने संपते. आधी अध्यक्षांचे नाव, मग प्रमुख अतिथींचे, मग आणखी चार-पाच नावे आणि शेवटी ‘आदि उपस्थित थे’. मी अशाच एका दैनिकात उपसंपादक होतो आणि माधव नगरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. घरमालक सकाळी पेपर घेऊन जिन्याच्या तळाशी उभे असत. मी खाली उतरलो की पहिला प्रश्न ठरलेला.

“हे आदि कोण?”

सुरुवातीला मी समजावून पाहिले. जागा कमी असते, नावे कापावी लागतात.

“मग अध्यक्षांचं कापा. ते तर रोजच छापून येऊन राहिले आहेत. लोकांना तोंडपाठ झालं त्यांचं नाव.”

मी त्यांना काका म्हणत असे. शहर त्यांना ‘सचिवजी’ म्हणे. सिंचाई विभागातून ते निवृत्त झाले होते आणि गावातल्या मराठी मंडळींच्या एका संगीत सभेचे सचिव होते. किती वर्षे होते हे कोणाला सांगता येत नसे. सभेचे अध्यक्ष बदलले, सभासद बदलले, सतरंज्या बदलल्या; सचिव तेच राहिले.

इथल्या जुन्या मराठी घरांत मूळ पुरुष दरबारात मोठ्या हुद्द्यावर असतो. कोणाचा मुत्सद्दी, कोणाचा निदान फडणीस. काकांना कोणी विचारले की ते सांगत, “आमचा पंखा ओढायचा.”

“कारकून होते हो,” काकू आतून ओरडत. “उगाच काय लोकांना सांगता!”

“कारकूनही होता एक. पण पंखा ओढणारा नसता तर कारकुनाच्या घामानं शाई पसरली असती. मी त्या पंखेवाल्याचा वंशज.”

नात्यात असा पंखेवाला खरोखर होता की काकांनी तो स्वतःच भरती केला होता, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

त्यांची नजर नेहमी मागच्या रांगेकडे जाई. लग्नाला गेले की वधूवरांवर एक अक्षत टाकून ते मांडवाच्या मागे जात आणि पुऱ्या तळणाऱ्याला हात जोडून येत. टीव्हीवर क्रिकेट लागले की पलीकडच्या टोकाला नुसत्या उभ्या असलेल्या फलंदाजाला दाखवत नाहीत म्हणून कॅमेरावाल्यांना बोल लावत. रामघाटावर संध्याकाळची आरती बघायला परगावचे पाहुणे घेऊन जात. पाहुणे आरती बघत आणि काका पुजाऱ्यांच्या मागे तेलाचा डबा घेऊन बसलेल्या माणसाला बघत. टावर चौकात एका दुकानी कचोरी खाल्ल्यावर त्यांनी आत वाकून, प्लेटा धुणाऱ्याला उद्देशून मोठ्याने म्हटले होते, “क्या प्लेट धोई है भाई, एकदम चमक रही है!”

दुकानदाराने हिरमुसून विचारले, “बाबूजी, कचोरी कैसी थी?”

“ठीक थी.”

याचे मूळ त्यांच्या तरुणपणात होते. शहरात आलेल्या एका नामवंत बुवांच्या मागे ते तंबोऱ्यावर बसले होते. मैफल लांबली. पाय बधिर झाला, बोटाला फोड आला, पण तार सुटली नाही. दुसऱ्या दिवशी बातमी आली. बुवांचे नाव होते, तबल्याचे होते, पेटीचे होते. पुढे लिहिले होते, ‘आदि ने संगत की’. हे मला सांगताना काकांचा आवाज चढला नाही. ज्या सुरात माणूस आपले गोत्र सांगतो त्या सुरात ते म्हणाले, “तो आदि मी.”

सचिव झाल्यावर त्यांनी सभेत एकच नियम आणला. मंचावरून रिकाम्या हाताने कोणी खाली उतरायचे नाही. गवयाला शाल आणि नारळ, तबलजीला तीच शाल आणि तसाच नारळ, पेटीवाल्याला, तंबोऱ्यावरच्या मुलीला आणि माइक लावणाऱ्यालाही. सत्कार कार्यक्रमाच्या आधी होत असे आणि त्याला घाई चालत नसे. जाणकार श्रोते पत्रिकेवरच्या वेळेनंतर सावकाश जेवून येत.

एकदा एका गवयाने शाल हातात घेऊन तिचा रंग तंबोरेवालीच्या शालीशी ताडून पाहिला.

“सचिवजी, ये तो एक ही रंग है.”

“जी हाँ, थान एक ही था.”

“हमारे और हमारी शिष्या में कोई फ़र्क नहीं?”

“है ना. आपको अभी गाना है, वो बजाना शुरू कर चुकी.”

गवयाने शाल परत केली. काकांनी ती घडी करून पडदा ओढणाऱ्याच्या खांद्यावर टाकली. त्या रात्री गाणे चांगले झाले, पण गवई पुन्हा उज्जैनला आला नाही.

अशा माणसाच्या गावात युरोपातला एक सिंफनी ऑर्केस्ट्रा एका संध्याकाळसाठी यायचा होता. मोठ्या शहरांचा दौरा होता, मध्ये एक दिवस मोकळा होता, तो सरकारी खात्याने उज्जैनला दिला. स्थानिक सहयोग म्हणून आमच्या सभेचे नाव पत्रिकेवर आले. कार्यकारिणीची बैठक अध्यक्षांच्या दवाखान्यात झाली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. आपण बोलत असताना समोरच्याने उत्तर देऊ नये, ही त्यांची व्यवसायातून आलेली सवय होती. बातमीसाठी मीही एका कोपऱ्यात बसलो होतो.

“कंडक्टरना शाल-श्रीफळ, माझे दोन शब्द, आणि बाकीच्यांसाठी टाळ्या,” अध्यक्ष म्हणाले. “विषय संपला.”

“बाकीचे म्हणजे वाजवणारे?” काकांनी विचारले.

“सत्तर-ऐंशी लोक आहेत, सचिवजी.”

“आणि त्यांच्यात जो एकटा काहीच वाजवत नाही, त्याला शाल.”

“अहो, तो सगळ्यांना चालवतो! तो नसला तर एक इकडे जाईल, एक तिकडे.”

“मला पता आहे तो काय करतो. मी रेडिओवर हे संगीत तुमचे दुधाचे दात पडायच्या आधीपासून ऐकतो आहे. प्रश्न तो नाही. तुम्हीही सभा चालवता, आणि दर वेळी शाल घेता. त्याचा परिणाम आपण बघूनच राहिलो आहोत.”

इतक्या शाली सभेला झेपणार नव्हत्या, हे काकांनाही मान्य होते. त्यांनी शाल रद्दच केली. प्रत्येक वादकाला एक नारळ, हातात, मानाने. वादकांनाच. जो वाजवेल त्याला नारळ. जो काठी हलवेल त्याला टाळ्या.

“आणि कोणी रिकाम्या हाताने उतरला तर?” अध्यक्षांनी विचारले.

“कोणी नाही उतरणार.”

“पण उतरला तर?”

“तर तिथल्या तिथे राजीनामा. माइकवर.”

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. काकांनी कधीतरी सोडावे, म्हणजे सत्कार पाच मिनिटांत आटपतील, ही इच्छा ते एकटेच बाळगून होते असे नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केले. “पत्रकार साक्षी आहेत. आणि शाल मी माझ्या घरची आणीन. ती कंडक्टरच्या अंगावर मीच घालीन.”

“आणा ना. मंचावर कशी चढते ते बघू.”

घरी काकूंना हे कळले तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. “राजीनामा दिला तर दिवसभर करणार काय? माझ्या भांडीवाल्या बाईचा सत्कार?”

“तिचा दिवाळीत झाला.”

काका बाहेर गेल्यावर काकू मला म्हणाल्या, “हसू नका. ह्यांना पेन्शन आहे, मी आहे, सगळं आहे. पण सकाळी उठून कोणासाठी शर्टाला इस्त्री करावी, असं या सभेशिवाय काही नाही हो. ती गेली की हे गंजीफ्रॉकवर बसून राहतील.”

कार्यक्रमाच्या दुपारी नारळांची पोती सभागृहाच्या मंचामागे उतरली. प्रत्येक नारळाची शेंडी काकांनी स्वतः विंचरली होती. ऑर्केस्ट्राची व्यवस्थापक एक तरतरीत बाई होती. ती पोत्यांभोवती एक फेरी मारून आली आणि मला दुभाषा म्हणून पुढे ओढण्यात आले.

“ती विचारते, हे काय आहे?”

“सन्मान आहे म्हणा.”

“ती विचारते, याचं वादकांनी काय करायचं?”

“घ्यायचा. नमस्कार करायचा. घरी न्यायचा.”

“विमानात नेऊ देतील का, असं विचारते.”

काकांनी एका नारळाची शेंडी सारखी केली. “तिला म्हणा, आधी मंचावर नेऊ दे. विमानाचं विमानवाले बघतील.”

खुर्च्यांवर नारळ ठेवायला बाईने साफ नकार दिला. आत जाताना हातात द्या, असे ती म्हणाली आणि दुसऱ्या कामाला गेली. वादकाचे दोन्ही हात आधीच भरलेले असतात, हे त्या घाईत तिच्या लक्षात आले नाही.

एरवी हे वादक एका लोंढ्याने मंचावर येतात आणि आपापल्या जागी बसतात. उज्जैनमध्ये ते एकेक करून आले. विंगेत काका उभे होते. प्रत्येकासमोर ते नारळ दोन्ही हातांनी धरत, किंचित वाकत आणि म्हणत, “उज्जैन की तरफ़ से.” समोरच्याला व्हायोलिन आणि धनुकली एका हातात कोंबून दुसऱ्या हाताने नारळ घ्यावा लागे. पहिली वादक, एक उंच पोरगेलीशी बाई, काळ्या पोशाखात नारळ छातीशी धरून उजेडात आली. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. त्या ओसरल्या तेव्हा दुसरा आला. त्यालाही टाळ्या मिळाल्या. आपल्या मुलीच्या सासरची मंडळी एकेक करून मांडवात शिरावी तशा आस्थेने लोक बघत होते. बासरीवालीने नारळ उंच करून दाखवला, तेव्हा शिट्टीसुद्धा आली. ज्याच्या काखेत एक अवजड भोंगा होता, त्याने नारळ भोंग्याच्या तोंडात ठेवून आणला. त्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

अध्यक्ष या सगळ्याच्या आधीपासून माइकवर उभे होते.

“संगीताला भाषा नसते,” ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. त्यांनी समाधानाने वर पाहिले; मागून चेलोवाला आपले ते थोरले व्हायोलिन सावरत येत होता. “संगीताला भाषा नसते...” पुन्हा टाळ्या, त्याची सहकारी आली होती. तिसऱ्या वेळी ते ‘संगीताला’ पर्यंतच पोचले. अखेर ते खाली येऊन पहिल्या रांगेत बसले. घरची शाल त्यांच्या हातावर घडीत होती.

सगळ्यांच्या शेवटी कंडक्टर विंगेत आला. वयस्क, हडकुळा, पांढरे केस विस्कटलेले. पोती रिकामी झाली होती. काकांनी त्याच्यासाठी नारळ आणलाच नव्हता. त्याने पोत्याकडे पाहिले, काकांकडे पाहिले. काकांनी कोरडे हात जोडले. त्यानेही, जमतील तसे, जोडले आणि तो मंचावर गेला. खुर्च्यांखाली ओळीने मांडलेले नारळ पाहून तो थबकला, मग त्याने काठी उचलली.

काका माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या पलीकडे अध्यक्ष होते. श्रोत्यांनी थोडा वेळ मांडीवर बोटे आपटून समेची जागा शोधली. ती सापडली नाही तसे बहुतेकांनी हात आवरले आणि नुसते ऐकू लागले. काका ऐकत होते, पण बघत होते सर्वांत मागे. तिथे एक धिप्पाड माणूस थाळ्यांएवढ्या पितळी झांजा मांडीवर घेऊन बसला होता. पहिला भाग झाला, दुसरा झाला. तो हललाही नाही.

“हा वाजवतच नाही,” काका कुजबुजले.

“त्याची वेळ येईल.”

“मध्यंतर होऊन गेलं हो.”

“येईल काका.”

“शूऽ,” अध्यक्ष म्हणाले.

काका पुढे झुकून बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी माझे मनगट धरले. “त्याचे ओठ बघा. मोजून राहिला आहे. मघापासून एकेक मात्रा मोजतोय तो. एवढं वादळ चाललंय, आणि हा नुसता मोजतोय.”

शेवटच्या भागात तो माणूस उभा राहिला. त्याने झांजा छातीपुढे उचलल्या, कंडक्टरकडे पाहिले आणि दणकन आपटल्या.

“वाऽह!” काका म्हणाले.

वादन चालू असताना सभागृहात उठलेली ती पहिलीच दाद होती आणि ती पार मागच्या भिंतीपर्यंत गेली. कंडक्टरचा खांदा दचकला. अध्यक्षांनी डोळे मिटले. झांजवाल्याने मान वळवून अंधारात पाहिले, आणि पुढचा ठोका, माझ्या मते, पहिल्यापेक्षा मोठा दिला.

“क्या बात है!”

“अहो, गप्प बसा,” अध्यक्ष म्हणाले. “बाहेरचे लोक आहेत.”

“म्हणूनच. त्यांना कोण सांगणार?”

कार्यक्रम संपला. लोक उभे राहिले. कंडक्टर एकदा वाकला आणि लगेच बाजूला सरकला. त्याने बासरीवालीकडे हात केला. ती उभी राहिली, टाळ्या घेतल्या, बसली. मग त्याने भोंगेवाल्याला उठवले, मग दोन चेलोवाल्यांना. तो ज्याच्याकडे हात करी, तो उठे, आणि टाळ्या पडेपर्यंत हा स्वतः अंधारलेल्या बाजूला उभा राही.

“हे काय करून राहिला आहे?” काका उठून उभे राहिले होते.

“त्यांची पद्धत आहे. ज्याने काम केलं त्याला एकेक करून उठवतात.”

कंडक्टरने टाचा उंचावल्या, सगळ्यांच्या डोक्यांवरून हात लांब केला आणि सर्वांत मागच्या झांजवाल्याकडे बोट केले. तो धिप्पाड माणूस लाजून उठला.

काकांची नजर झांजवाल्यावरून खुर्च्यांखालच्या नारळांवर गेली. मग म्हणाले, “याने एकालाही सोडलं नाही.”

आणि थोड्या वेळाने, “मी मात्र सोडला.”

हे अध्यक्षांच्याही लक्षात आले होते. ते काकांच्या कानाशी आले. “सचिवजी, सगळ्यांच्या खुर्चीखाली नारळ आहे. तो एकटा रिकाम्या हाताने उतरणार. पत्रकार साक्षी आहेत. माइक चालू आहे.”

कंडक्टर विंगेकडे निघाला होता. चार-सहा पावलांवर पडदा होता. काकांनी मंचाकडे पाहिले, मग अध्यक्षांच्या हाताकडे. अध्यक्षांच्या लक्षात यायच्या आत शाल निम्मी काकांकडे आली होती.

“अहो, ही माझ्या घरची आहे!”

“घरचीच हवी.”

“मी घालणार होतो!”

“तुमचे गुडघे चांगले आहेत, पण तुम्ही आधी दोन शब्द बोलाल. तेवढा वेळ नाही.”

शाल सुटली. काका बाजूच्या पायऱ्यांवरून मंचावर चढले, कठड्याला धरून, एक गुडघा ओढत. आयुष्यभर त्यांनी मंचावर माणसे चढवली होती, पण तंबोऱ्यानंतर ते स्वतः प्रकाशात कधी आले नव्हते. पडद्याशी त्यांनी कंडक्टरला गाठले आणि त्याच्या खांद्यांवर शाल टाकली. ती उलटी पडली. दुकानाची चिठ्ठी बाहेर आली. माइक जवळच असल्यामुळे पुढचे वाक्य सगळ्यांना ऐकू गेले.

“माफ़ करना साहब. आपका नंबर रह गया था.”

राजीनाम्याची अट अशी अध्यक्षांच्या शालीने फिटली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी साक्षीदार होतो. मी मान हलवली.

कंडक्टरला शब्द कळले नाहीत. तो इतका वेळ जे करत होता तेच त्याने पुन्हा केले. काकांचा हात धरून त्यांना मंचाच्या मध्यभागी आणले, श्रोत्यांकडे तोंड करून उभे केले आणि स्वतः मागे सरून त्यांच्याकडे हात केला. वादकांनी दाद म्हणून पाय आपटायला सुरुवात केली. व्हायोलिनवाले धनुकल्या समोरच्या स्टँडवर ठोकू लागले. सभागृह उभे होतेच. कुठूनतरी काकूंचा आवाज आला, “अहो, शर्ट आत खोचा!”

काकांनी शर्ट खोचला, हात जोडले आणि ते एक पाऊल मागे सरले. टाळ्या वाढल्या, तसे आणखी एक. पाठमोरे चालत ते व्हायोलिनांमधून गेले. एका नारळाला पाय लागला. वाकून त्यांनी त्याला हात लावून कपाळाला लावला, आणि पुन्हा मागे निघाले. चेलो गेले, बासऱ्या गेल्या, भोंगेवाल्याने खुर्ची सरकवून वाट दिली. शेवटच्या रांगेत झांजवाल्याच्या शेजारी पोचल्यावर ते थांबले, आणि तिथून ते स्वतः टाळ्या वाजवू लागले.

आमच्या दैनिकाचा फोटोग्राफर मंचाच्या खाली गुडघ्यावर बसला होता. अध्यक्ष एव्हाना वर चढून कंडक्टरच्या शेजारी कोट सारखा करून उभे होते. फोटोग्राफरने त्यांना हाताने थोडे बाजूला केले आणि ओरडला, “सचिवजी, आगे आइए! फ्रेम में नहीं आ रहे!”

मागच्या रांगेतून उत्तर आले.

“तो तुम पीछे आओ!”

फोटोग्राफरने अध्यक्षांकडे पाहिले. मग कॅमेरा गळ्यात टाकून तो मंचावर चढला आणि नारळ चुकवत मागे निघाला.